बासष्ट फेरे

वाइंडिंगवाल्याच्या घरात लांबलचक बोलायची सवय कुणालाच नव्हती. जळालेल्या मोटरची जुनी तार काढून नवी भरायची, हा त्या घराचा धंदा. आई लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळायला बसली की मनात फेरे मोजत जाई. मध्येच कुणी बोललं की आकडा निसटे, आणि आकडा निसटला की तार सोडवून पहिल्यापासून. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं दोन वेटोळ्यांच्या मधल्या फटीत उरकावं लागे. भूक लागलीय, शाळेत बोलावलंय, आत्याच्या सासूबाई गेल्या, सगळं त्या फटीत बसेल एवढं कापून सांगायचं. बाहेरचे लोक म्हणत, ही माणसं तुसडी आहेत. तुसडी नव्हती. आपली पाळी यायची वाट बघत असत.

त्या साली विहिरींचं पाणी फार खाली गेलं. पाणी खाली गेलं की मोटरी जास्त वेळ चालवाव्या लागतात, आणि जास्त वेळ चालल्या की जळतात. वाइंडिंगवाल्याच्या ओट्यावर मोटरी रुग्णांसारख्या रांगेत बसल्या होत्या. बाबा सायकलच्या कॅरियरला बांधून एकेक आणत, छिन्नीने जळकी तार तोडत, तापवून उपसून काढत. आई नवी भरे. मुलगी शाळेतून आली की खाचांमधली काजळी खरवडे, इन्सुलेशनचे कागद कापे. तिघांच्याही नखांत वार्निश होतं आणि ते कशानेही निघत नसे.

मुलगी दहावीत होती. गावाने तिचं नाव चौकशी ठेवलं होतं. लहानपणी तिने पोस्टमनला विचारलं होतं की पत्र चुकीच्या घरी दिलं तर तुम्हाला कोण सांगतं. पोस्टमन तेव्हापासून जरा लांबूनच पत्र टाकी.

शाळेत त्या वर्षी कल चाचणी आली. कोणत्या मुलाचा ओढा कुठल्या कामाकडे आहे हे साठ प्रश्नांत शोधून काढायचं होतं. तुम्हाला विमान चालवायला आवडेल का. तुम्हाला आजारी माणसांची सेवा करायला आवडेल का. समोर तीन चौकोन: आवडेल, आवडणार नाही, सांगता येत नाही. हे सगळं चित्रकलेच्या मास्तरांकडे सोपवलं होतं, कारण चित्रकलेचा तास बंद झाला होता आणि मास्तर चालू होते.

निकाल आलेखाच्या रूपात यायचा. कुणाचा आलेख सैन्याकडे उंच, कुणाचा दुकानदारीकडे. चौकशीचा आलेख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ होता. मास्तरांना वाटलं छपाई चुकली. उत्तरपत्रिका काढून बघितली तर साठच्या साठ खुणा तिसऱ्या चौकोनात.

त्यांनी तिला बोलावून विचारलं की एवढ्या साठांत एकही काम आवडत नाही का.

"आवडत नाही असं नाही सर. करून बघितलेलं नाही," ती म्हणाली. "विमानाचं विचारलंय. मी अजून सायकलसुद्धा बाबांचीच चालवते."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यातून तीच मुलगी दिसली. मग ते वैतागून म्हणाले की मग जा, करून बघ. पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत अर्जावर 'पसंतीचे क्षेत्र' या ओळीत काहीतरी लिहून आण, खाली पालकांची सही. ज्यांची ओळ कोरी राहील त्यांची कारकून भरेल. कारकून ती कशी भरतो हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. प्रवेशाच्या रजिस्टरात वडिलांचा व्यवसाय बघायचा आणि तोच खाली उतरवायचा. तीस वर्षं तो हे करत होता आणि त्याच्या अक्षराबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

मुलगी अर्ज घेऊन घरी आली ती तडक आईपुढे. डोक्यात अर्ज एवढा भरला होता की साच्याकडे बघायचं राहिलं.

"आई, मी काय व्हावं?"

आईचा हात थांबला. चाळीसच्या पुढे कुठेतरी होती. तिने मुलीकडे बघितलं, मग साच्याकडे, आणि काही न बोलता तार उलटी सोडवायला लागली. दाराशी बाबा होते. त्यांनी कपाळाला हात लावला, तोही आवाज न करता.

ती मोटर साधीसुधी नव्हती. गावाच्या पिण्याच्या टाकीवरची होती.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी शाळा सुटली की कामं करून बघायला निघाली. आधी बेकरीत गेली. बेकरीवाल्याने तिला तापलेले ट्रे ओढायला लावले, आणि मनगटावर एक लाल पट्टा उठला. काम कसं असतं हे तिला हातांनीच कळत होतं, ते विचारायची गरज नव्हती. विचारायला तिच्याकडे एकच प्रश्न होता. तो तिला कुणी शिकवला नव्हता, घरातच उगवला होता. त्यांच्या धंद्यात चूक झाली की मोटरमधून धूर निघतो. बाकीच्यांना धूर नाही, तर त्यांना कसं कळत असेल?

"तुमच्या कामात चूक झाली तर कशी कळते?"

बेकरीवाला म्हणाला, वासाने कळते, पण वास येईस्तोवर उशीर झालेला असतो. शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, काखेत कळते, आणि गिऱ्हाईक बाई हात वर करेपर्यंत कळत नाही. न्हाव्याने पुष्कळ विचार केला, तोवर गिऱ्हाइकाच्या मानेवरचा वस्तरा तसाच थांबवून ठेवला, आणि मग म्हणाला की तो माणूस पुढच्या महिन्यात समोरच्या दुकानात बसलेला दिसतो. गिऱ्हाईक या काळात श्वास धरून होतं. गुरांच्या डॉक्टरांनी तिला गाईचा पाय धरायला दिला. गाईने तिला शेणात बसवलं. डॉक्टर म्हणाले, जनावर सांगत नाही, मालक सांगतो, आणि तो चुकीचं सांगतो.

ती हे सगळं वहीत लिहून घेई. रात्रीचं जेवण झालं की वही पुन्हा वाचे. ओळ मात्र कोरीच होती. प्रत्येक ठिकाणी तिला काम थोडं आवडलं होतं आणि उत्तर फार आवडलं होतं.

रविवारी बाबांनी टाकीची मोटर बसवली. मंगळवारी दुपारी ती जळाली.

टाकीवाला, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा माणूस, धावत आला नाही, चालत आला. त्याला सवय होती. तो म्हणाला, ती मोटर तापट स्वभावाची आहे. हे गावात सगळेच म्हणत. काही मोटरी शांत असतात, काही तापट. ही जन्माची तापट. दर तीन-चार वर्षांनी डोकं फिरवून घेते. पण दोन दिवसांत कधी फिरवलं नव्हतं. बाबांनी मुलीकडे बघितलं आणि बघून दुसरीकडे बघितलं, ते तिला जास्त लागलं.

बुधवारी आई हातपंपावर घागर घेऊन उभी राहिली. पुढे वीस-बावीस बायका. टाकी रिकामी म्हणून सगळं गाव तिथेच. हापसा कोरडा वाजे, मग थुंकल्यासारखं पाणी टाके. कुणीतरी मागून म्हणालं, "हापसे मोजून मारा हो वहिनी, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून." बायका हसल्या. आईही थोडी हसली. घागर अर्धीच भरली, ती डोक्यावर घेऊन घरी आली आणि उंबऱ्यात टेकली, तेव्हा तिच्या खांद्यावरचा पदर ओला होता आणि त्यात घागरीतल्यापेक्षा थोडंच कमी पाणी होतं. त्याच दिवशी पाणीसमितीचा अध्यक्ष ओट्यावर येऊन बसला. त्याने चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची विचारपूस केली आणि जाता जाता सांगितलं की रविवारपर्यंत मोटर चालली तर ठीक, नाहीतर शहरातल्या कारखान्यात पाठवू, तिथं शिकलेली माणसं आहेत.

तो गेल्यावर बाबा मोटर उघडून बसले. छिन्नी मारली, एक जळकं वेटोळं ओढून काढलं. त्यांच्या धंद्यात हा एकच नियम. जुनं मोजायचं आणि तेवढंच नवं भरायचं. कागद नाही, हिशेब नाही, मोटरच्या पोटात जे निघेल ते खरं.

"हे मी मोजू?" मुलगी म्हणाली.

"एक मोजलं की झालं."

"सगळी मोजते."

मोटरमध्ये चोवीस वेटोळी होती. तिने चोवीसही मोजली. काळ्या, ठिसूळ तारांची टोकं बोटांना टोचत होती. ती प्रत्येक दहांनंतर खडूने ओट्यावर रेघ मारी. आई भाकरी थापायची थांबून दोनदा बाहेर येऊन बघून गेली. शेवटचं वेटोळं संपलं तेव्हा मुलीची बोटं कोळशासारखी झाली होती.

"सगळ्यांत अठ्ठावन्न," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. अठ्ठावन्नच हवे होते. दरवेळी या मोटरमध्ये अठ्ठावन्नच भरत आले होते. म्हणजे आईची मोजणी चुकली नव्हती. मुलगी मध्येच बोलली त्याने काहीच बिघडलं नव्हतं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण हात काजळीचा होता. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. मोटर तापट.

मुलीच्या दृष्टीने आता सुरू झालं. कुणाचीच चूक नाही, तर धूर कसला?

गुरुवारी यादीत लाकडाची वखार होती. वखारवाले काका करवतीच्या पात्यापुढे दिवसभर उभे राहून अर्धे बहिरे झाले होते आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. त्यांनी तिला फळ्यांचे काठ पकडायला दिले. भुसा डोळ्यांत गेला, केसांत गेला, दातांत गेला. दोन तासांनी करवत थांबली तेव्हा ती पाणी प्यायला कोपऱ्यात गेली आणि तिथं मोटर बघितली. हिरवा रंग, खाली पितळेची पाटी. पाटीवरचा कारखाना तोच, आकडे तेच, टाकीच्या मोटरच्या पाटीवर असलेले. तिने सवयीने मोटरवर पालथा हात ठेवला. मोटर कोमट होती. तिने तळहात ठेवला आणि ठेवूनच दिला.

टाकीच्या मोटरवर हात एवढा वेळ ठेवता येत नसे. तिथं टाकीवाला तिच्यावर ओलं बारदान टाकून ठेवी.

"काका, ही कधी जळली होती का?"

काकांनी दोनदा सांगितलं की एकदाच, वीज पडली तेव्हा, सात वर्षं झाली, तुमच्याकडेच भरून घेतली, तुमच्याकडेच. त्यानंतर तोंडातून शब्द काढलेला नाही तिने. शांत आहे. शांत.

"तुमच्या कामात चूक कशी कळते?" हे विचारायचं ती विसरली. काकांनी तिला मागून हाक मारून आठवण करून दिली, कारण न्हाव्याकडून त्यांना कळलं होतं आणि उत्तर तयार होतं. उत्तर असं होतं की बोटं मोजायची. त्यांनी हात वर करून दाखवला. साडेनऊ होती.

घराच्या मागच्या खोलीत, जिथं आई साचा घेऊन बसे, तिथल्या भिंतीवर पेन्सिलने सगळ्या मोटरी लिहिलेल्या होत्या. कुणाची, किती फेरे. वरपासून खालपर्यंत, पंधरा-सोळा वर्षांच्या. वही केली असती तर हरवली असती, भिंत हरवत नाही. मुलगी स्टुलावर चढली. मधे कुठेतरी सापडलं. वखार, बासष्ट. आईचं बारीक, उभं अक्षर.

मग टाकी शोधली. टाकी, अठ्ठावन्न. त्याच्या वर पुन्हा टाकी, अठ्ठावन्न. पुन्हा. पाच वेळा. सगळ्यांत वरची ओळ छताजवळ होती. तिथंही अठ्ठावन्न, पण अक्षर आईचं नव्हतं. मोठं, तिरकं, पेन्सिल दाबून लिहिलेलं. बाबांचं. शेजारी तारीख होती.

ती तारीख तिच्या ओळखीची होती. सगळ्या अर्जांवर तिला ती लिहावी लागे.

ती खाली उतरली. आई-बाबा समोरच्या खोलीत जेवायला बसत होते. ताटं वाढलेली होती, साचा बाजूला होता, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. तिने विचारलं की मी जन्मले त्या दिवशी टाकीची मोटर कुणी भरली.

बाबा म्हणाले, मी. आई आत होती, भरणार कोण? कारखान्यातून आलेली मोटर, पहिल्यांदाच जळाली होती. पावसाळा तोंडावर, गाव मागे लागलेलं. मी छिन्नी मारली, वेटोळं काढलं, मोजायला बसलो. तेवढ्यात सुईण बाहेर आली.

"आणि?"

"आणि म्हणाली, मुलगी झाली."

"तेव्हा तुम्ही किती मोजले होते?"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांना सगळं आठवत होतं. सुईणीचे ओले हात आठवत होते, तिने पदराला पुसले ते आठवत होतं. "अठ्ठावन्नवर होतो," ते म्हणाले. "मग आत गेलो. तुला बघितलं. परत येऊन बसलो तेव्हा अठ्ठावन्नच डोक्यात होते."

"मग पुढचे?"

पुढचे कुणीच मोजले नव्हते. चार होते. पुढच्या वेळी मोटर जळाली तेव्हा आईने जुनं मोजलं, अठ्ठावन्न निघाले, तेवढंच नवं भरलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. फेरे कमी पडले की मोटर जास्त तापते. रोज तास-दोन तास चालवली तर तापून गार होते, लोक म्हणतात तापट आहे. यंदा दहा तास चालवावी लागली. आईने पंधरा वर्षं एकही फेरा चुकवला नव्हता, एका चुकलेल्या आकड्याची इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नसती.

बाबांनी घास ताटात ठेवला. मग आई हसायला लागली. पाठ दुखत होती म्हणून कमरेवर हात ठेवून हसली.

"म्हणजे ही तेव्हाही मध्येच बोलली," ती म्हणाली.

बाबांनी मुलीकडे बघितलं. या वेळी दुसरीकडे बघितलं नाही. "पंधरा वर्षं धूर येत होता," ते म्हणाले, "आणि आम्ही मोटरचा स्वभाव काढत बसलो."

शुक्रवारी बाबांनी साच्यावर बासष्टची खूण केली आणि आईने भरायला घेतलं.

शनिवारी सकाळी चौकशी शाळेत गेली तेव्हा ओळ कोरीच होती. मास्तरांकडे जाण्याआधी कारकुनाच्या खिडकीशी तिला आपला अर्ज टेबलावर दिसला. म्हणजे अर्जाची दुसरी प्रत. कारकुनाला दुपारी घरी लवकर जायचं होतं म्हणून त्याने कोरे राहतील असे अर्ज आधीच भरून ठेवले होते. चुकून कोणी भरलाच, तर फाडायला वेळ लागत नाही. तिच्या नावापुढे ठसठशीत अक्षरात होतं: मोटर वाइंडिंग.

"हे कशावरून लिहिलं?" तिने विचारलं.

"रजिस्टरावरून."

"रजिस्टरात कशावरून?"

कारकुनाला हा प्रश्न तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, प्रवेशाच्या वेळी वडील जे सांगतात त्यावरून. वडिलांचा व्यवसाय, वाइंडिंग.

"वाइंडिंग आई करते," मुलगी म्हणाली. "बाबांनी आयुष्यात एकदाच केलं. ते चार फेऱ्यांनी चुकलं."

कारकून तिच्याकडे, मग रजिस्टराकडे बघत राहिला. रजिस्टरात आईच्या व्यवसायाचा रकाना नव्हता. त्याला पहिल्यांदाच त्या रजिस्टरात किती पानं आहेत याची काळजी वाटली.

एवढ्यात मास्तर आले. त्यांनी तिच्या वहीची पानं उभ्याउभ्या चाळली. वास, काख, समोरचं दुकान, मालक चुकीचं सांगतो, साडेनऊ बोटं. शेवटी टाकीची मोटर, तळहात, भिंत, तारीख. वाचताना ते हळूहळू खुर्चीत बसले. मग म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण ओळीत काय लिहायचं? याला क्षेत्र म्हणत नाहीत.

"चूक कशी झाली ते शोधायचं काम कुणी करत नाही का, सर?"

मास्तरांनी कपाटातून क्षेत्रांची छापील यादी काढली. ब्याऐंशी क्षेत्रं होती. त्यांना पहिली बारा पाठ होती, मुलं त्यांच्या पलीकडे जात नसत. ते बोट लावून खाली उतरत गेले. एकोणऐंशीवर थांबले. यंत्र तपासणी व परीक्षण. आधी तीन वर्षं पदविका, मग असं, मग तसं. हे कुणाच्या अर्जात आजवर आलं नव्हतं. ही ओळ आपण कधी वाचलीच नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले.

तिने ती ओळ आपल्या हाताने लिहिली. अक्षर बाबांसारखं तिरकं आलं. मग वही परत घेताना तिने विचारलं, "सर, तुमच्या कामात चूक झाली तर कशी कळते?"

मास्तर कारकुनाच्या टेबलाकडे बघत होते. तिथं भरलेले अर्ज होते, चांगला गठ्ठा होता. त्यांनी तो उचलला आणि काखेत धरला. कारकून म्हणाला, ते झालेले आहेत. मास्तर म्हणाले, बघतो.

"बारा वाजता मी कुलूप लावतो," कारकून मुलीला म्हणाला. "पालकांची सही नाही यावर."

पावणेबारा होत होते. ती पळत सुटली. रस्ता उन्हाने मऊ झाला होता. हातपंपावरची रांग तिला बघून वळली. कुणीतरी काहीतरी विचारलं, तिने वाटेत उत्तर दिलं नाही, आणि हे गावात पहिल्यांदाच घडलं.

दारात बाबा उभे होते. तिला येताना बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान वळवली. शेवटचं, चोविसावं वेटोळं साच्यावर होतं. आई मान खाली घालून हँडल फिरवत होती, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सरकत होती, ओठ किंचित हलत होते. सही तिला आईचीच हवी होती, म्हणून मुलगी उंबऱ्यातच थांबली. धाप लागली होती, ती तिने तोंडावर अर्ज धरून दाबली.

आईने वर बघितलं नाही. मुलगी तिच्या ओठांकडे बघत राहिली आणि आकडा पकडला. एक्केचाळीस होता. बेचाळीस. बाहेर शाळेच्या दिशेला कुणाचीतरी सायकल खडखडत गेली. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग अर्जाकडे, मग पुन्हा बोट ओठांवर ठेवलं, या वेळी स्वतःसाठीच.

पन्नास. घामाचा थेंब आईच्या नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथंच थांबला. पंचावन्न. अठ्ठावन्नला हात क्षणभर हळू झाला. पंधरा वर्षांची सवय होती, हात थांबायला बघत होता. बाबांनी श्वास धरला. हँडल पुढे गेलं.

एकोणसाठ. साठ. एकसष्ट. बासष्ट.

आईने तार कापली, टोक दोऱ्याने बांधलं, वेटोळं मांडीवर ठेवलं, आणि पदराने नाक पुसून वर बघितलं.

"आता बोल," ती म्हणाली.